परम सद्भावाचा व्यवसाय

विमापत्र हा मराठी घरातील सर्वांत जपून ठेवलेला आणि सर्वांत कमी वाचलेला दस्तऐवज होय. जन्मपत्रिका निदान लग्न ठरवताना उघडली जाते, शिधापत्रिका पत्त्याचा पुरावा म्हणून बाहेर निघते. विमापत्र मात्र ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी येते त्याच पिशवीत, कपाटातील ठेवणीच्या साड्यांखाली, मिक्सरच्या हमीपत्राला टेकून वर्षानुवर्षे पडून राहते. घेणारा ते वाचत नाही, कारण त्यातला टंक भिंगाशिवाय दिसत नाही. विकणारा वाचत नाही, कारण वाचल्यावर विकण्याचा उत्साह टिकत नाही. आणि छापणारी कंपनीही वाचत नाही, कारण ते आधीच्या विमापत्रावरून उतरवलेले असते आणि ते आधीचे त्याच्याही आधीच्या. हा मजकूर पहिल्या कलमापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचणारा समाजात एकच प्राणी शिल्लक आहे, तो म्हणजे विमाविषयक वादांचा वकील, आणि तोही ते वाचतो ते दुकान जळाल्यानंतर, गाडी चोरीला गेल्यानंतर किंवा बरा होऊन घरी निघालेला रुग्ण बिलाचा आकडा पाहून पुन्हा अंथरुणाला खिळल्यानंतर. इतक्या उशिराच्या वाचनावर ज्याचा चरितार्थ चालतो, त्या व्यावसायिकाच्या कारकिर्दीकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

विधी महाविद्यालयात पाऊल ठेवणारा कोणताही विद्यार्थी विमावकील होण्याचे स्वप्न बाळगून येत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे फौजदारी खटला असतो, ज्यात उलटतपासाच्या तिसऱ्या प्रश्नाला साक्षीदार घामाघूम होतो आणि पाचव्या प्रश्नाला खरा खुनी प्रेक्षकांतून उठून उभा राहतो. प्रत्यक्षात सनद हाती आल्यावर त्याला ज्या सीनियर वकिलांकडे बसायला खुर्ची मिळते, त्यांच्याकडे एखाद्या विमा कंपनीचे पॅनेल असते. पॅनेल म्हणजे कंपनीने आपली प्रकरणे सोपवण्यासाठी केलेली वकिलांची यादी, जिच्यात नाव लागण्यासाठी खटपट करावी लागते आणि नाव लागल्यावर फी मिळण्यासाठी त्याहून मोठी. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशातील १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत सामावून घेण्यात आल्या; या क्षेत्रातील जुन्याजाणत्यांचे मत असे पडते की कंपन्या जरी चार उरल्या, तरी वकिलाच्या बिलावर लागणाऱ्या सह्या १०७ च राहिल्या असाव्यात. बिल प्रथम ‘निकालाची प्रमाणित प्रत जोडलेली नाही’ या शेऱ्यासह परत येते, प्रत जोडल्यावर ‘दावा क्रमांक नमूद नाही’ म्हणून येते, क्रमांक घातल्यावर संबंधित अधिकाऱ्यांची बदली झाली म्हणून येते, आणि अखेर जेव्हा धनादेश निघतो तेव्हा बिल तयार करणारा ज्युनिअर स्वतः सीनियर झालेला असतो.

दरम्यानच्या काळात त्याचे लग्न ठरायचे असते, आणि या टप्प्यावर त्याच्या व्यवसायाची पहिली सामाजिक अडचण उभी राहते. मुलीकडचे विचारतात, “काय करतो मुलगा?” वडील सांगतात, “विम्याच्या केसेस बघतो.” समोरून सुस्कारा येतो, “म्हणजे एजंट.” वडील म्हणतात, “नाही हो, वकील आहे.” तेव्हा मुलीचे काका समजूतदारपणे मान हलवतात, “असू द्या, हल्ली कोर्टातसुद्धा पॉलिसी विकायला माणूस लागतोच.” पुढे लग्न होते, आणि मग इतरांच्या लग्नांना जाणे आले. तेथे ‘विमा’ हा शब्द कानी पडताच त्याच्याभोवतीची मंडळी जिलेबी संपत आल्याचे निमित्त करून पांगतात, आणि ‘वकील’ हा दुसरा शब्द पोहोचताच तीच मंडळी खिशातून घडी केलेल्या झेरॉक्स प्रती काढत परत येतात. कंपनीने मेव्हण्याच्या मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेचे पैसे कसे नाकारले हे अक्षता पडत असताना, आणि तेही संपूर्ण वैद्यकीय तपशिलासह, ऐकून घेण्याची सहनशक्ती इतर कोणत्याही शाखेच्या वकिलाकडून अपेक्षिली जात नाही.

या व्यवसायाचे तात्त्विक अधिष्ठान ‘परम सद्भाव’ हे आहे. साध्या खरेदीत घेणाऱ्याने पारखून घ्यावे अशी कायद्याची अपेक्षा असते, म्हणजे घरी येऊन वांगी किडकी निघाली तर दोष वांगी न दाबता घेणाऱ्याचा. विम्यात मात्र जोखमीची सगळी माहिती विमा घेणाऱ्याच्याच पोटात दडलेली असल्याने, कंपनीच्या निर्णयावर परिणाम करू शकेल अशी प्रत्येक महत्त्वाची वस्तुस्थिती त्याने प्रामाणिकपणे उघड करावी असे हे तत्त्व सांगते. ते इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात मांडले. सुमात्रा बेटावरील बेंकूलेन येथे इंग्रजांचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता, आणि त्याचे गव्हर्नर जॉर्ज कार्टर यांनी तो शत्रूच्या हाती पडण्याच्या जोखमीविरुद्ध लंडनमध्ये विमा उतरवला होता. किल्ला राखण्यासाठी ज्याला पगार मिळतो त्यानेच तो पडण्याची आर्थिक तजवीज करून ठेवावी, ही दूरदृष्टी आजच्या कोणत्याही विमा एजंटाला गहिवरून आणील. फ्रेंचांनी १७६० मध्ये तो किल्ला घेतला, आणि विमेकऱ्याने पैसे नाकारताना असा बचाव घेतला की किल्ला मुळातच कमकुवत असल्याचे गव्हर्नरांनी सांगितले नव्हते. मॅन्सफील्ड यांनी सद्भावाचे तत्त्व खणखणीत शब्दांत मांडले, पण निकाल मात्र गव्हर्नरांच्या पदरात टाकला. म्हणजे गेली अडीचशेहून अधिक वर्षे विमा कंपन्यांचे वकील माहिती दडवणाऱ्या ग्राहकाविरुद्ध ज्या खटल्याचा आधार घेतात, त्यात विमेकरी हरलेला आहे. आणि ही गोष्ट युक्तिवादात सांगण्याची त्यांना सहसा गरज भासत नाही. ती न सांगणे परम सद्भावात बसते की नाही, हा प्रश्न न्यायासनाने विचारेपर्यंत उद्भवत नाही असे मानण्याचा प्रघात आहे.

परम सद्भावाची भारतीय परीक्षा प्रस्तावपत्रापाशी होते. प्रस्तावपत्र म्हणजे विमा घेताना भरून द्यावयाचा प्रश्नांचा छापील नमुना, जो कायद्याच्या दृष्टीने अर्जदार भरतो आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने एजंट भरतो, आणि तोही स्कूटरच्या सीटवर ठेवून. संवाद साधारणतः एकाच वळणाने जातो. “मधुमेह?” “थोडासा आहे.” “थोडासा म्हणजे नाही. रक्तदाब?” “गोळी चालू आहे.” “गोळी चालू आहे म्हणजे ताब्यात आहे, म्हणजे नाही. मद्यपान?” “लग्नकार्यात, कधीमधी.” “लग्न काही रोज नसते. करा सही, तारीख मी घालतो.” अशा रीतीने पन्नाशी गाठलेला, दोन जिने चढताना मध्ये थांबणारा गृहस्थ कागदावर ऑलिंपिकला पाठवण्याच्या योग्यतेचा ठरतो, आणि त्याच्या प्रकृतीविषयी कंपनी, एजंट आणि तो स्वतः असे तिघेही काही वर्षे समाधानात घालवतात. आयुर्विम्याबाबत विमा अधिनियम, १९३८ याच्या कलम ४५ मध्ये असे सांगितले आहे की विमापत्राला तीन वर्षे पूर्ण झाली की ते कोणत्याही कारणास्तव आव्हानित करता येणार नाही. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती आणि फसवणुकीचा अपवाद शिल्लक होता, तो २०१५ च्या दुरुस्तीने गेला. थोडक्यात, आयुर्विम्यातील असत्य तीन वर्षे तग धरून राहिले की त्याला कायद्याने सत्याचा दर्जा मिळतो, आणि इतक्या कमी सेवेत असा दर्जा मिळण्याची सोय शासनाच्या दुसऱ्या कोणत्याही खात्यात नाही.

आरोग्यविम्यात मात्र एजंटाने मोठ्या कौशल्याने उभारलेली ही निरोगी इमारत एका माणसाच्या तोंडून कोसळते, आणि तो माणूस म्हणजे रुग्णासोबत रुग्णालयात आलेला मामा. छातीत कळ आलेल्या रुग्णाला अपघात विभागात आत नेले जाते, बाहेर शिकाऊ डॉक्टर हातात कागद घेऊन पूर्वेतिहास विचारतो, आणि मामांना आयुष्यात प्रथमच सुशिक्षित, लक्षपूर्वक आणि लिहून घेणारा श्रोता लाभतो. “शुगर आहे का?” एवढाच प्रश्न असतो. मामा सांगतात, “शुगर? अहो, दहा वर्षांपासून आहे! आमच्या घराण्यातच आहे. याचे वडीलही त्यानेच गेले. ऐकतो कुठे, परवाच्या बारशाला आठ गुलाबजाम खाल्ले!” गुलाबजामांचा आकडा सोडून बाकी सारे केसपेपरवर उतरते, दावा मंजुरीचे काम पाहणारी त्रयस्थ संस्था, जिला सगळेजण टीपीए म्हणतात, तो केसपेपर मागवते, आणि तीन आठवड्यांनी ‘पूर्वीपासूनचा आजार लपवल्यामुळे दावा नामंजूर’ असे पत्र घरी येते. यानंतर विमावकिलाच्या कार्यालयात जी सभा भरते तिचा अध्यक्ष पुन्हा मामाच असतो. वकील विचारतो, “दहा वर्षे हे तुम्हाला कोणी सांगितले?” मामा म्हणतात, “अंदाजे बोललो. डॉक्टर एवढे विचारतोय, तर पाच कसे सांगायचे?” अशा मामांचे प्रतिज्ञापत्र तयार करणे, ज्यात त्यांना भाच्याच्या प्रकृतीविषयी काहीही माहिती नव्हती, नाही व नसेल असे नमूद असते, हे या व्यवसायातील अत्यंत नाजूक कलाकुसरीचे काम मानले जाते, कारण मामा सही करण्यापूर्वी ते वाचतात आणि दुखावतात.

प्रकृतीचा विषय सोडून मालमत्तेकडे वळले की वकिलाचे काम शब्दांशी येते. घरफोडीच्या विम्यात घरफोडी म्हणजे बळाचा वापर करून केलेला प्रवेश किंवा बळाचा वापर करून केलेले निर्गमन अशी व्याख्या असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने हरचंद राय चंदन लाल या पेढीच्या प्रकरणात २००४ साली असे ठरवले की विमापत्रात हे लिहिलेले असेल तर केवळ चोरी पुरेशी नाही, मोडतोडही हवी. त्यामुळे दुकान लुटले गेलेला व्यापारी जेव्हा वकिलाकडे येतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न किती गेले हा नसून काय तुटले हा विचारला जातो. “कुलूप तोडले?” “नाही, बनावट किल्ली वापरली असणार.” “कडी उचकटली?” “नाही.” “एखादी काच, निदान एखादा खिळा?” “चोर फार व्यवस्थित होता, साहेब. जाताना शटरसुद्धा ओढून गेला.” वकील कपाळाला हात लावतो, कारण नीटनेटक्या चोराइतका विमेदाराचा शत्रू दुसरा नाही; धसमुसळा, अर्धशिक्षित, दार फोडून आत येणारा चोर कायद्याला अधिक सोयीचा वाटतो. सुदैवाने भारत वॉच कंपनीच्या प्रकरणात २०१९ साली त्याच न्यायालयाने असेही म्हटले की वगळलेल्या बाबींची कलमे ग्राहकाला कळवलीच नसतील तर कंपनीला त्यांचा आधार घेता येत नाही. तेव्हापासून व्यापाऱ्याला दुसरा प्रश्न विचारला जातो, “अटींचे पुस्तक मिळाले होते?” आणि ज्या पुस्तकाची पिशवी आजवर कोणी उघडली नाही, ते मिळालेच नव्हते असे सांगताना कोणाच्याही मनाला टोचणी लागत नाही.

अशा शब्दांची यादी लांबलचक आहे. गोव्यातील झुआरी इंडस्ट्रीजच्या कारखान्यात विद्युत यंत्रणेत बिघाड होऊन क्षणिक ज्वाळा उठली आणि नुकसान झाले, तेव्हा एवढ्याशा ज्वाळेला आग म्हणावे काय हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेला, आणि २००९ साली उत्तर असे मिळाले की आग क्षणाच्या अंशापुरती असली तरी ती आगच. त्याउलट, मलेरियाने ग्रासलेल्या मोझांबिकमध्ये डास चावणे हा अपघात काय, या प्रश्नाला जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग या तिघांनीही होकार दिला होता, परंतु २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील मलेरियाचे प्रमाण पाहता असा दंश अनपेक्षित म्हणता येणार नाही असे ठरवले. मागे राहिलेल्या कुटुंबाचे दुःख हा थट्टेचा विषय नव्हे. पण एका डासाच्या हेतूविषयी चार न्यायपीठांनी इतका विचार करावा, आणि डासाला त्याची गंधवार्ताही नसावी, हे विमाकायद्याच्या सूक्ष्मतेचे उत्तम उदाहरण होय. खासगी गाडी भाड्याने चालवली आणि ती चोरीला गेली, अशा प्रकरणांत तर न्यायालयांनी ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणून एक मध्यममार्ग स्वीकारला आहे, ज्यात अट मोडल्याबद्दल दावा नाकारण्याऐवजी ७५ टक्के रक्कम दिली जाते. नियम मोडणाऱ्याला शंभरांपैकी पंचाहत्तर गुण देणारी दुसरी परीक्षा आपल्याकडे नाही, आणि तरीही अशील विचारतो, “उरलेले पंचवीस कुठे गेले?”

विम्याचा पैशाशी, म्हणजे गुंतवणुकीशी, संसार लागला की प्रकरण अधिक रंगते. मुदत ठेवीचे नूतनीकरण करण्यासाठी बँकेत गेलेले सत्तरीचे गृहस्थ परत येतात ते युलिप घेऊन. युलिप म्हणजे ज्यातील हप्त्याचा काही भाग विमासंरक्षणाकडे आणि उरलेला शेअर बाजाराकडे जातो असा संयुक्त प्रकार. “एकदाच भरायचे आहेत म्हणाला होता हो तो मुलगा,” ते सांगतात, “इतका नम्र होता, मला लिफ्टपर्यंत सोडायला आला.” दुसऱ्या वर्षीचा हप्ता मागणारे पत्र आल्यावर ते पुन्हा बँकेत जातात, तर मुलगा टार्गेट पुरे करून दुसऱ्या शाखेत बढतीवर गेलेला असतो. हा विमा की गुंतवणूक याविषयी केवळ गृहस्थांचाच गोंधळ झाला होता असे नाही. ९ एप्रिल २०१० रोजी भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने १४ विमा कंपन्यांना आपल्या परवानगीशिवाय युलिप विकण्यास मनाई केली, विमा नियामकाने कंपन्यांना विक्री चालू ठेवण्यास सांगितले, आणि अखेर जून महिन्यात सरकारला अध्यादेश काढून युलिप विम्याच्या घरात घालावे लागले. दोन नियामकांना जे उमगले नाही ते समजून घेतल्याची सही मात्र सत्तरीच्या गृहस्थांनी बँकेच्या टेबलावर दोन मिनिटांत केलेली असते, आणि ग्राहक आयोगात कंपनीचा वकील तीच सही दाखवून म्हणतो की हे ग्राहक नसून नफ्यासाठी आलेले गुंतवणूकदार आहेत. गृहस्थ शेजारी बसलेल्या पत्नीला विचारतात, “नफा कुठे झालाय?”

नुकसानीचा आकडा ठरवण्यासाठी सर्व्हेअर येतो. सर्व्हेअर म्हणजे परवानाधारक तज्ज्ञ, जो घटनास्थळाची पाहणी करून अहवाल देतो, आणि त्याच्या येण्याने मानवी स्वभावाचा एक चिरंतन नियम सिद्ध होतो, तो असा की आगीत इतर सर्व वस्तू कमी होतात, माल मात्र वाढतो. ज्या कापड दुकानाचे वार्षिक उत्पन्न आयकर विवरणपत्रात अडीच लाखांवर कधी गेले नाही, त्याच्या राखेत चाळीस लाखांच्या पैठण्या सापडतात. सर्व्हेअर विचारतो, “खरेदीची बिले?” “ती जळाली.” “स्टॉक रजिस्टर?” “तेही जळाले.” “आणि हे चाळीस लाखांचे पत्रक?” “ते घरी होते.” उलट बाजूने सर्व्हेअरही काही कमी नसतो, मोटार विम्यात रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा धरण्याची रीत आहे, काचेवर मुळीच नाही, त्यामुळे तोंडावर आपटलेल्या गाडीकडे पाहून तो प्रथम प्लॅस्टिकचे काय काय फुटले ते मोजतो. मालक फुगवणार हे गृहीत धरून सर्व्हेअर कापतो, सर्व्हेअर कापणार हे गृहीत धरून मालक फुगवतो, आणि ज्या दुर्मीळ माणसाने नुकसान खरे तेवढेच लिहिले, त्याचा दावा चौकशीत सर्वाधिक काळ अडकतो, कारण त्याचा हिशेब कोणत्याच बाजूला समजत नाही.

हे सर्व वाद शेवटी जिल्हा ग्राहक आयोगासमोर येतात, जेथे भांडणाऱ्या पक्षांना तक्रारदार आणि सामनेवाला अशी, चाळीच्या जिन्यावर शोभतील अशी, नावे मिळतात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ज्या तक्रारीत वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नाही ती शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावयाची असते, आणि यातील ‘शक्यतो’ या शब्दावर एक संपूर्ण पिढी वकील झाली, वाढली आणि चाळिशीला लागली. एका तारखेला सदस्यांची जागा रिक्त असते, दुसरीला पुरशिस, म्हणजे पक्षाने प्रकरणाच्या स्थितीविषयी दिलेले छोटे लेखी निवेदन, चुकीच्या फायलीला लागलेली असते, तिसरीला सामनेवाल्याचे वकील दुसऱ्या कोर्टात असतात, आणि चौथीला ते हजर असतात पण तक्रारदार कंटाळून गावी गेलेला असतो. कंपनीला लेखी म्हणणे देण्यासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा असे पंचेचाळीसच दिवस मिळतात, आणि ही मुदत ताणता येणार नाही असे घटनापीठाने २०२० साली बजावले आहे. त्यामुळे शाखा, विभागीय कार्यालय आणि प्रादेशिक कार्यालय अशी तीर्थयात्रा करीत फाइल पॅनेलवरील वकिलाच्या हाती पडते ती चव्वेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी. “साहेब, जरा अर्जंट आहे,” आणून देणारा शिपाई म्हणतो. वकील विचारतो, “विमापत्राची प्रत कुठे आहे?” शिपाई सांगतो, “ते तक्रारदाराकडून मागवा, आमच्याकडे सापडत नाही.” विमा लोकपालाचा मार्ग याहून सोपा आणि विनाशुल्क आहे, आणि त्याला ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देता येतो, तेथे वकिलांना उभे राहण्यास मनाई असल्यामुळे काम लवकर होते, असे म्हणणाऱ्यांचा रोख कोणाकडे आहे हे उघड आहे. वकील मात्र मजकूर लिहून देतो, अशिलाला आत पाठवतो आणि बाहेर बाकावर बसून, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या वडिलांना लाजवील अशा काळजीने, दाराकडे पाहत राहतो.

कारकिर्दीच्या मध्यावर पोहोचलेला विमावकील दोन्ही बाजूंची कामे घेतो, सकाळी एका कंपनीतर्फे हरचंद रायचा निकाल वाचून दाखवतो आणि दुपारी शेजारच्या दालनात ग्राहकातर्फे भारत वॉचचा, आणि दोन्ही वेळी त्याचा आवाज सारख्याच न्याय्य संतापाने कापतो. एवढ्या सरावाने त्याच्या घरगुती बोलण्यावरही परिणाम होतो. दूध उतू गेले की तो प्रथम निकटतम कारण शोधू लागतो, म्हणजे नुकसान घडवून आणणारे खरे, प्रभावी कारण; ते गॅसची मोठी आच होती, की दारावरची घंटा, की घंटा वाजवणारी शेजारीण, याचा खल चालू असताना पत्नी ओटा पुसून टाकते आणि पुरावा नष्ट होतो. अपघाती मृत्यूच्या भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली वयानुसार गुणकांचा तक्ता आखून दिला आहे, ज्यात मृताच्या वार्षिक मिळकतीतील कुटुंबाला मिळणारा वाटा वयाच्या गुणकाने गुणला जातो. पंचविशीपर्यंत तो गुणक १८ असतो, पन्नाशीपर्यंत उतरत १३ होतो, आणि एक्कावन्नाव्या वर्षी एकदम ११ वर येतो. इतर माणसे पन्नाशीनंतरचा पहिला वाढदिवस साजरा करतात, विमावकील मात्र केक कापताना एका रात्रीत आपली किंमत दोनाने घसरल्याचे मनाशी मांडत असतो, आणि “काय विचार करताय?” या प्रश्नाला “काही नाही, गुणाकार” असे उत्तर देऊन पाहुण्यांना संभ्रमात टाकतो.

अशा माणसाचा स्वतःचा विमा कसा असेल याविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, टार्गेटला एक पॉलिसी कमी पडत असल्यामुळे, पत्नीचा धाकटा भाऊ घरी येतो, चहा घेतो आणि पेन पुढे करून म्हणतो, “दाजी, इथे, इथे आणि मागच्या पानावर.” ज्याने आयुष्यभर इतरांची प्रस्तावपत्रे भिंगाखाली धरली, तो वकील सवयीने चष्मा लावतो आणि पहिले कलम वाचायला घेतो, तोच स्वयंपाकघराच्या दारातून आवाज येतो, “अहो, तो घरचा माणूस आहे. वाचता कसले?” मेहुण्यासमोर विमापत्र वाचणे हा उघड अविश्वास, आणि बायकोच्या माहेरावर अविश्वास दाखवण्याच्या जोखमीला कोणतीही कंपनी संरक्षण देत नाही. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितलेला परम सद्भाव, जो आयोगांच्या हजारो निकालपत्रांत शोधूनही हाती लागत नाही, तो अशा वेळी डायनिंग टेबलावर संपूर्ण शुद्ध स्वरूपात प्रकट होतो, आणि वकील न वाचता तीन सह्या करतो. मेहुणा रकाने भरता भरता एकदाच विचारतो, “व्यवसाय काय घालू? वकील लिहिले की कंपनी उगाच शंका काढते. नोकरी घालतो.” वकील मान डोलावतो. मधुमेहाच्या रकान्यापाशी तर मेहुणा विचारतही नाही. दाजींना तो थोडासा आहे हे त्याला ठाऊक असते, आणि थोडासा म्हणजे नाही.